हात न लावलेली कुत्री

लायल ब्रेक्केसारख्या हळव्या माणसानं मेंढरांच्या धंद्यात पडायलाच नको होतं. कोकरू आजारी पडलं तर त्याला स्वयंपाकघरात शेगडीपाशी घेऊन झोपणारा हा माणूस. त्याचं कुंपण आमच्या कुंपणाला लागून, त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य मला फुकटात बघायला मिळालं.

मोंटानात आमच्या भागात मेंढरं पाळायची म्हणजे कोयोटांशी वैर आलंच. कोयोट म्हणजे लांडग्याचा धाकटा भाऊ. अंगानं लहान, अकलेनं थोरल्याच्या वरताण. लायलनं सापळे लावले, माळावर दिवे जाळले, धडाधड वाजणारी गॅसची तोफ आणली. त्या तोफेला कोयोट दोन दिवस घाबरले, माझ्या गाई महिनाभर. बंदूकही चालवून पाहिली, पण एखादा कोयोट पडला की त्या दिवशी याला जेवण जायचं नाही. कोकरं जायची ती जातच राहिली.

मग त्यानं राखणीच्या जातीच्या कुत्रीचं एक पांढरं पिल्लू विकत आणलं. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "हिला हात लावायचा नाही, नावसुद्धा ठेवायचं नाही. माणसाचा लळा लागला की मेंढरं वाऱ्यावर." लायलनं ते वेदवाक्य मानलं. पिल्लू कोकरांमध्येच वाढलं. कधी शेपूट हलवत त्याच्या पायरीपाशी आलं, की हा मातीचं ढेकूळ उचलून भिरकावायचा.

"अरे, एकदा डोक्यावरून हात फिरवलास तर काय आभाळ कोसळणार आहे?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या गाई आहेत, व्हर्ना. तुला नाही कळायचं," तो म्हणाला आणि पाठ फिरवून नाक शिंकरत बसला.

पिल्लू शिकलं. लायल आपल्या दिशेनं चालत आला, की आपण मेंढरांकडे निघून जायचं. ती मोठी झाली तसे कोयोट टेकडीवरून नुसतं बघायचे आणि माघारी फिरायचे. कोकरं वाचू लागली, सापळे गंजून गेले. ती खायची तेसुद्धा लायल भांडं ठेवून लांब गेल्यावर. कुंपणाला टेकून हा तिच्याकडे बघत उभा राहायचा. "दुरून डोंगर साजरे, काय रे?" मी चिडवायचे. तो हसायचा नाही.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला डोंगरातून लांडगे उतरले. मेंढरू एकही गेलं नाही, पण कुत्रीची मान फाटली. सकाळी लायलचा फोन आला तेव्हा मला त्याचा आवाज ओळखता येईना. मी जनावरांच्या डॉक्टरला, मॅग्डाला, घेऊनच पोचले.

कुत्री कळपाच्या मधोमध पडली होती. मॅग्डानं लांबूनच पाहिलं. "टाके घातले तर वाचेल, पण आत्ताच घालायला हवेत. एवढं रक्त गेल्यावर लांबून गुंगीचं औषध मारलं तर झेपायचं नाही. लायल, तुम्ही धरा तिला."

लायल पुढं झाला. कुत्री उठली, झोकांड्या खात मेंढरांच्या पलीकडे गेली आणि पडली. तो परत पुढं झाला. ती परत उठली. गवतावर रक्ताची रेघ उमटली. त्यानं गुडघे टेकले, हात पुढं केला, हाक मारायला तोंड उघडलं. पण नाव कुठं होतं?

"ये गं," तो म्हणाला. "ये गं पोरी. नाही मारत."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, कान पाडले आणि आणखी दोन पावलं लांब सरकली.

"तिघांनी मिळून घेरलं तर?" मी विचारलं.

"पळेल. आणि पळाली तर संपेल," मॅग्डा म्हणाली. मग सहज बोलून गेली, "लहानपणापासून थोडा हात लावायची सवय ठेवावी लागते. रोज कुरवाळलेली कुत्रीसुद्धा मेंढरं सोडून जात नाही. जातच तशी आहे त्यांची."

"सोडून जात नाही?" लायलनं विचारलं.

"नाही."

मॅग्डाच्या तोंडावर हात ठेवावा असं मला वाटलं. खरं बोलायला हीच वेळ सापडली होती का हिला?

लायल आहे तिथंच गवतात बसला. जवळ गेलं की ती चालणार, चालली की रक्त जाणार. तेव्हा बसून राहणं एवढंच त्याच्या हातात होतं. माझा जीव तिच्यापेक्षा त्याच्यासाठी तुटत होता. दुपार कलली तेव्हा तिनं मान टाकली. मेंढरं तिच्याभोवती चरत होती.

तो उठून तिच्याकडे गेला. या वेळी ती हलली नाही. तिचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. कानामागं कुसळांच्या गाठी झाल्या होत्या, त्या एकेक करून सोडवत बसला. मी शेजारी जाऊन बसले.

"व्हर्ना," तो म्हणाला, "हिचे कान किती मऊ आहेत गं. मला माहीतच नव्हतं."