गुरुलिंगमामांचं पायताण

आमचे गुरुलिंगमामा मूळचे बेंबळीचे, पण धाराशिवच्या कोर्टात त्यांची वकिली अशी की समोरच्या वकिलाला घाम फुटायचा. निजामाच्या त्या काळात सगळं कामकाज उर्दूत, आणि मामांची उर्दू अस्सल. त्यांना आयुष्यात एकच हवं होतं, मुन्सफाची म्हणजे न्यायाधीशाची खुर्ची. जुन्या वकिलाला ती मिळावी असा कायदाही होता.

मामांची पाळी आली आणि कायदाच बदलला. हैदराबादेहून फर्मान आलं: यापुढं मुन्सफ पदवीधरच. हे करून आणलं रामकिसननं. हा मामांचाच शागीर्द, जगदेवीमामीच्या हातच्या भाकरी खाऊन वकिली शिकलेला. पदवी त्याच्याकडं होती आणि सासरा वर मोठ्या हुद्द्यावर. खुर्चीत तो बसला, आणि मामांना रोज उठून उभं राहून त्या हरामखोराला ‘हुजूर’ म्हणावं लागलं.

मामांनी पायताण सोडलं. "ह्याला तिथनं उठवल्याबिगर पायात घालणार न्हाय," म्हणाले. मग भर उन्हात, काट्याकुट्यांतून अनवाणी. खरं सांगतो, मला त्यांचा तो राग आवडायचा.

अठ्ठेचाळीस साली निजामी संपली. पुढं कायदा पुन्हा फिरला: मुन्सफाला मराठीत निकाल लिहिता आला पाहिजे, नाहीतर खुर्ची खाली करावी. परीक्षक म्हणून नेमलं कुणाला? सगळ्यात जुने वकील म्हणून मामांना. आता बोला!

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी रामकिसन घरी आला. त्या भेगाळलेल्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं.

"उस्ताद, पदरात घ्या. म्या चुकलो."

मामी कळवळली. "आवो, आपल्या घरचं मीठ खाल्लंय त्यानं."

"म्हणूनच," मामा म्हणाले.

परीक्षेत रामकिसननं लिहिलेला निकाल मामांनी तपासायला घरी आणला, तेव्हा मी वाचला. सरळ, स्वच्छ, पास व्हावा असा. मामांनीही तो सावकाश वाचला आणि वर ‘नापास’ लिहिलं.

खुर्ची रिकामी झाली. मामांनी लगेच अर्ज केला. उत्तर आलं: मराठीची अट नवी, पण पदवीची अट जुनीच कायम आहे. रामकिसननं घालून ठेवलेली अट कुणी काढलीच नव्हती. खुर्चीत बसला बाहेरगावचा एक कोवळा पदवीधर.

तरी मामांनी नवं पायताण घेतलं आणि कोर्टात गेले. नवा मुन्सफ आत आला, तसे सगळ्यांबरोबर उठून उभे राहिले. परतताना दोन्ही अंगठे सोलून रक्त आलेलं.

"मामा, काढा ते," मी म्हणालो.

"न्हाय काढत. चावू दे," मामा म्हणाले. "लई ग्वाड लागतंय."