चाकणहून अर्जेंटिना

सलीमभाई इनामदार गेल्याची बातमी मला कंपनीच्या बसमध्ये कळली. सकाळची शिफ्ट होती आणि बस मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली होती. त्यांचा पुतण्या अस्लम फोनवर एवढंच म्हणाला, "काका, चाचा झोपेतच गेले..." मी तिथेच उतरलो आणि रिक्षा करून रहाटणीला परतलो. परवा त्यांचा चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. घरी आलेले सगळे त्यांच्या सभ्यपणाबद्दल बोलत होते, आणि ते खरंच आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते हेडफोन लावून खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले, उत्साहाने कान लाल झालेले सलीमभाई. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला मागच्या स्पर्धेची संध्याकाळच सांगायला हवी.

ते आमच्या घराच्या नेमक्या वरच्या मजल्यावर राहायचे. चाकणला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप होतं आणि त्याच्या पत्र्यावर रेडिओचा टॉवर. सरकारी परवाना असलेले हौशी रेडिओवाले होते ते, आणि त्यातही बोलणारे नव्हेत, मोर्सवाले. टिंब-रेघांच्या संकेतात डिडा-डिडा करत जगभर गप्पा. बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांचं चाकणला जाणं बंद केलं. आमच्या सोसायटीने गच्चीवर टॉवर लावू दिला नाही. मग त्यांनी आणि अस्लमने मिळून रेडिओ चाकणलाच ठेवला आणि तो इंटरनेटवरून रहाटणीच्या टेबलाशी जोडला. इथे बोटाने मोर्सची कळ, म्हणजे की, दाबायची, तिथे वर्कशॉपवरून संदेश आकाशात जायचा, आणि तिकडे ऐकू आलेलं इथे हेडफोनमध्ये यायचं. त्यांच्या पत्नी शमीमभाभी म्हणायच्या, "घरात आमच्याशी बोलायला वेळ नाही, आणि तिकडे बोटानेसुद्धा गप्पा चालतात."

वर्षातून एकदा मोर्सची मोठी जागतिक स्पर्धा असते. जास्तीत जास्त स्टेशनं गाठायची आणि प्रत्येकाशी एकेक क्रमांकाची देवाणघेवाण करायची. समोरचा आपल्याला त्याचा चालू क्रमांक पाठवतो. तो बरोबर उतरवला तरच संपर्क धरला जातो. मी एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आकडे पारखणं हे माझं रोजचं काम. सलीमभाईंनी मला मोर्समधले फक्त आकडे शिकवले आणि दुसरा हेडफोन देऊन शेजारी बसवलं. अक्षरं ते ऐकायचे, आकडे आम्ही दोघं. या वेळी त्यांना स्पर्धेत पहिला-दुसरा नंबरबिंबर काही नको होता. रेडिओवाले धरतात त्या सहा खंडांपैकी पाच त्यांनी स्वतःच्या टॉवरवरून गाठले होते, राहिली होती दक्षिण अमेरिका. स्पर्धेच्या आदल्या दिवशी जिना चढताना ते मधेच थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "शिंदेसाहेब, पुढच्या वर्षीचं मी धरत नाही."

अडचण एकच होती. स्पर्धा असते शनिवार-रविवारी, आणि आमच्या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी गुरुवारी. वर्कशॉपला लागून फॅब्रिकेशनचं युनिट आहे. तिथली वेल्डिंग मशीनं चालू झाली की रेडिओत अशी घरघर भरायची, की लांबची स्टेशनं तिच्यात बुडून जायची. त्यामुळे सलीमभाईंची सगळी स्पर्धा शेजारच्या युनिटच्या घड्याळावर चालायची. त्यांच्या चहाच्या सुट्टीत युरोपातली दुबळी स्टेशनं, जेवणाच्या सुट्टीत जपानपलीकडची. मशीनं चालू असताना फक्त दणदणीत आवाजवाले. तिकडे सुट्टी होऊन घरघर थांबली की ते हात चोळायचे आणि आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे तुटून पडायचो. भाभींनी ठेवलेला चहा थंड व्हायचा.

रविवारी सूर्य मावळला आणि सलीमभाईंनी एकदम माझं मनगट धरलं. घरघरीच्या तळाशी एक बारीक, थरथरती शिट्टी होती. "अर्जेंटिना," ते पुटपुटले. आम्ही हाक मारली, त्याने आमचं नाव बरोबर उचललं, क्रमांकही पाठवला... आणि नेमक्या त्या क्षणी शेजारी वेल्डिंगची तार टेकली. पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा पाठवलं, पुन्हा घरघर. शेवटी तो दुसऱ्या कुणाकडे वळला. त्याने आधीच्या माणसाला दिलेला क्रमांक मला ऐकू आला होता. मी म्हटलं, एकाने वाढवून लिहा, हिशेबाने तोच असणार.

सलीमभाईंनी हेडफोन काढला. "गेज लावून मोजल्याशिवाय तुम्ही पीस पास करता का?"

युनिटच्या दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी साडेसातला. आत्ता सातही वाजले नव्हते, आणि अर्जेंटिनाचा आवाज मिनिटागणिक विरत होता. अंधार पडला की ती वाट बंदच होते. मी म्हटलं, युनिटच्या सुपरवायझरना, भगवानरावांना, फोन करा. त्यांच्या कितीतरी जळालेल्या मोटारी तुम्ही रिवाइंड करून दिल्यात. ते मान हलवत राहिले. लोकांचं पोट त्या मशीनवर चालतं, माझ्या छंदासाठी ती बंद करा असं कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाले. दारात उभ्या असलेल्या भाभी हे ऐकत होत्या. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून भगवानरावांना लावला आणि स्पीकर चालू केला. पोरांना आज जरा लवकर जेवायला सोडता येईल का, असं त्यांनी सरळ विचारलं; आमच्या ह्यांना अर्जेंटिना ऐकायचंय.

पलीकडे माणसापेक्षा मशीनंच जास्त ऐकू येत होती. भगवानराव लातूरकडचे. "भाभी, अर्जेंटिना म्हंजी फुटबॉलवाली का?"

"हो, तीच."

"मंग थांबा."

पुढचं मी जन्मात विसरणार नाही. हेडफोनमधली घरघर एकदम नाही, टप्प्याटप्प्याने उतरली. एक मशीन थांबलं, मग दुसरं, मग बराच वेळ एकच हट्टी वेल्डर... आणि तोही थांबला. मागे उरली स्वच्छ, खोल शांतता आणि तिच्या मधोमध ती शिट्टी. सलीमभाईंनी कीवर बोट टेकवलं आणि सरळ ठेक्यात हाक मारली. अर्जेंटिनाने उत्तर दिलं. क्रमांक आला. मी माझ्यापुरता कागदावर लिहिला, त्यांनी लॅपटॉपवर, आणि मग आम्ही एकमेकांचं पाहिलं. दोन्ही आकडे एकच होते. सलीमभाई मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. भाभी म्हणाल्या, "झालं ना? आता तुम्हीही जेवून घ्या."

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी भाभींनी मला अस्लमबरोबर चाकणला पाठवलं, टॉवरचं काय करायचं ते बघायला. आम्ही वर्कशॉपमध्ये रेडिओ लावून बसलो होतो. शेजारची मशीनं जोरात चालू होती, त्यामुळे घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. सातच्या सुमाराला ती एकेक करून थांबली. बाहेर येऊन पाहिलं तर सगळी पोरं नळावर हात धूत होती. मला वाटलं, त्यांच्याकडची लाइट गेली. भगवानराव म्हणाले, न्हाई, जेवणाची सुट्टी झाली. मी घड्याळ दाखवलं, तर ते जरा ओशाळून हसले.

"त्या दिवसापासून हीच येळ हाय. लवकर बसलं की पोळ्या गरम मिळत्यात, पोरं आता साडेसातचं नावच काढंनात. अन् म्हनलं, पुढल्या बारीला सलीमभाईंना फोन करायला लागू नये..."

आत अस्लमने आवाज वाढवला होता. त्या शांततेत कुठलं तरी लांबचं स्टेशन आकडे पाठवत होतं. मी उभ्या उभ्या ते उतरवून घेतले.