‘नक्की येते’ म्हटलं होतं, त्या घरी

आईला नायगरा दाखवावा म्हणून मी हॉटेलं शोधत बसले होते. ती मागून आली, स्क्रीनवर एक नजर टाकली आणि म्हणाली, “पाणी वरून खाली पडते, त्यात काय बघायचं? मला एखाद्या अमेरिकन माणसाचं घर दाखव.”

“समोर दिसतायत ती काय आहेत मग?”

“बाहेरून नाही वं. आतून. स्वयंपाक करतात का, म्हातारे कुठं झोपतात, जेवताना बोलतात का. अकरा वर्षं झाली तुला इथं. एक तरी ओळखीचं घर असेल?”

प्रश्न साधा होता. मी राहते त्या हर्नडनमधल्या निदान वीस-पंचवीस स्वयंपाकघरांत साखरेचा डबा कुठे असतो ते मला माहीत आहे, पण त्यातलं एकही अमेरिकन नाही. ऑफिसात रोज या लोकांबरोबर काम करते, लिफ्टमध्ये हवापाण्यावर बोलते, आणि दर दिवाळीच्या पार्टीत हातात प्लेट धरून ठासून सांगते, “अमेरिकन लोक ना, गोड बोलतात, पण सगळं वरवरचं यार. घरात घेणार नाहीत कधी.” एकाही दारापर्यंत न जाता मी हे मत बनवलं होतं आणि इतकी वर्षं ते छान खपूनही गेलं होतं.

थोडं आईबद्दल. ती नागपूरला गणित शिकवायची, आता निवृत्त आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी एकुलती एक. लग्न केलेलं नाही, करायचंही नाही, आणि तो विषय आमच्यात बंद झालाय. आई सहा महिन्यांसाठी आली होती, परतीचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं होतं. मुक्काम आणखी सहा महिने वाढव म्हणून मी तिच्या मागे लागले होते. फॉर्म भरून तयार होता, फक्त सही बाकी होती, आणि आई “बघू” यापलीकडे काही बोलत नव्हती. नागपूरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहणार हे मला पटत नव्हतं. तिला इथे करमावं म्हणून मी काहीही दाखवायला तयार होते, अगदी माणसंसुद्धा.

मग मला रॉन आठवला. माझ्या टीममधला जुना सॉफ्टवेअर टेस्टर, चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात राहायला गेला. दर नाताळला त्याचं कार्ड येतं आणि त्यात पेनानं एक ओळ लिहिलेली असते: ‘आमच्याकडे या.’ आता आपल्याकडे ‘या एकदा घरी’ हे कधी म्हणतात? समोरचा चपला घालायला लागला की. मीही त्याच भावानं दरवर्षी उलट टपाली कळवत होते, ‘हो हो, नक्की येते.’ या वेळी धीर करून मेसेज केला: आईला घेऊन शनिवारी आले तर चालेल का? दोन मिनिटांत उत्तर. ‘चालेल. दुपारी जेवायला की रात्री?’ ना आश्चर्य, ना उद्गारचिन्ह.

आई म्हणाली, “माणूस कामाचा दिसतो.”

तरी मी खबरदारी म्हणून जवळचं एक मोटेल बुक करून ठेवलं. नव्वद डॉलर, सकाळचा नाश्ता धरून.

जाणार असाल तर रस्ता सोपा आहे. हर्नडनहून पश्चिमेला सहासष्ट नंबरचा हायवे धरायचा, तो संपला की थोडं दक्षिणेला स्ट्रासबर्ग, आणि तिथून डोंगर चढून वॉर्डन्सविल. दोन-अडीच तास पुरतात. गॅस, म्हणजे पेट्रोल, घाटाच्या अलीकडेच भरून घ्या आणि नकाशा घरूनच डाउनलोड करा, कारण घाट लागला की फोनचं नुसतं घड्याळ होतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. झाडं रंगायला नुकती कुठे लागली होती. आईच्या मांडीवर संत्रा बर्फीचा डबा होता आणि डोक्यात तिच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपनं दिलेली माहिती: अमेरिकन लोक घरी स्वयंपाक करत नाहीत, मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढतात, आईबापांना वृद्धाश्रमात ठेवतात, आणि ‘कसे आहात’ विचारून उत्तराला थांबत नाहीत.

शेवटचा मुद्दा वॉर्डन्सविलच्या छोट्या डायनरमध्येच निकालात निघाला. साठीच्या वेट्रेसनं कॉफी ओतता ओतता विचारलं, “हाऊ आर यू टुडे, हनी?” आईनं प्रश्न गांभीर्यानं घेतला. डावा गुडघा दाखवून म्हणाली, “नॉट गुड. नी.” मी डोळ्यांनी खुणावतेय तोवर त्या बाईनं कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं, आईच्या शेजारी टेकली आणि स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची साद्यंत हकीकत सांगितली. आईला त्यातलं निम्मं कळलं असेल. पण गुडघा ही जागतिक भाषा आहे. दोन अंडी, टोस्ट, अमर्याद कॉफी, माणशी बारा डॉलर, आणि वर बर्फाची पिशवी किती वेळ ठेवायची त्याचा सल्ला.

पुढे रस्ता अरुंद झाला. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायला लागला.

“हे तुझ्या ओळखीचे आहेत?”

“नाही गं. असंच करतात इथे.”

“मग तू काहून बोटं उचलत नाही?”

चौथ्या ट्रकपासून आईच माझ्या वतीनं हात करू लागली.

रॉनचं घर म्हणजे पांढरं, लाकडी, जरा कललेलं शेतघर. तो आणि त्याची बायको लिंडा पायऱ्यांवरच उभे होते. व्हरांड्यातल्या खुर्चीत लिंडाचे वडील बसले होते, नव्वदीला टेकलेले, सगळे त्यांना पॉप म्हणतात. घर त्यांचंच. त्यांना एकटं राहणं जमेना म्हणून लेक-जावई शहरातलं घर विकून इथे आले होते. मी हे आईला सांगितल्यावर तिनं रॉनला आपादमस्तक न्याहाळलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “म्हणजे घरजावई!”

लिंडा म्हणाली, वरची खोली तयार आहे, राहणार ना? माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “नको नको, तुम्हाला कशाला त्रास, मोटेल बुक केलंय.” आपल्याकडे यावर यजमानानं रागवायचं असतं, ‘हे काय बोलणं झालं’ म्हणायचं असतं, बॅग हातातून ओढायची असते. लिंडा म्हणाली, “ठीक आहे.” आणि आत गेली. बघा, मी मनात म्हटलं, वरवरचं.

दुपारी आईचीही तीच गत झाली. ॲपल पायचा पहिला तुकडा तिनं मिटक्या मारत खाल्ला, दुसरा समोर आला तेव्हा संस्कार आडवे आले. “नो, नो.” लिंडानं शांतपणे ती बशी उचलली आणि फ्रीजमध्ये ठेवली. आई त्या फ्रीजच्या दाराकडे बघतच राहिली. “पुन्हा विचारत नाहीत?” तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही, इथे नको म्हणजे नको.

पण दोघींचं जमलं. लिंडा शाळेच्या बसची ड्रायव्हर आहे हे कळल्यावर तर आईच्या लेखी ती सहकारीच झाली. आमच्याकडच्या मराठी मेळाव्यात आईला पहिल्या पाच मिनिटांत तीन काकूंनी आडनाव विचारलं होतं, आणि ऐकल्यावर “म्हणजे तुमच्यात...?” असं अर्धवट सोडलं होतं. तो अर्धा प्रश्न आम्ही दोघी जन्मभर ओळखतो. लिंडानं आडनाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की गणित शिकवताना मुलांवर कधी हात उचललात का. आईनं एक बोट वर केलं. मग प्रामाणिकपणे दुसरंही केलं. दोघी पोट धरून हसल्या.

संध्याकाळी सहालाच जेवण मांडलं. आमच्यासाठी पालक-चीजचे थर लावलेला लसान्या आणि मक्याची कणसं, त्यांच्यासाठी मांसाचं वेगळं. पॉप इतका वेळ माझ्याकडे बघत होते. अचानक काटा खाली ठेवून त्यांनी लिंडाला विचारलं, “ही तीच का, न आलेली मुलगी?”

लिंडानं कणसांचं ताट पुढे सरकवलं. रॉन म्हणाला, “पॉप, जाऊ द्या.”

“का जाऊ द्या? मला आठवतं. मी दोन दिवस माझी खुर्ची हलवून बसलो होतो, तिला जागा व्हावी म्हणून.”

मग रॉननं, जितकं हलकं करून सांगता येईल तितकं करून, सांगितलं. तीन वर्षांपूर्वीच्या कार्डाच्या उत्तरात मी लिहिलं होतं, ‘ऑक्टोबरमध्ये येते, बहुतेक तिसरा शनिवार.’ मी लिहिलं असणारच. झाडांचे रंग वगैरे चार शब्द शोभेला घातलेलेही आठवत होते. लिंडानं वरची खोली लावली. मी मांस खात नाही म्हणून ग्रंथालयातून पुस्तक आणून पहिल्यांदा हाच लसान्या केला. शनिवारी वाट बघितली, रविवारीही बघितली.

“मला फोन का नाही केलात?” मी विचारलं.

“वाटलं, काही काम निघालं असेल,” लिंडा म्हणाली. “तुम्हा तरुण लोकांना किती धावपळ. मागे लागणं बरं नव्हे.”

“काय म्हणाले आजोबा?” आईनं मराठीत विचारलं.

“काही नाही गं, जुनी गोष्ट.”

“मी गणिताची शिक्षिका आहे, बहिरी नाही. तू येते म्हणून सांगितलं आणि आली नाही. बरोबर?”

मला इतकी लाज फार वर्षांत वाटली नव्हती. ज्यांना मी वरवरचे म्हणत होते त्यांनी माझ्या एका ओळीसाठी खोली झाडली होती, आणि ती ओळ लिहून मी पुढच्या मिनिटाला विसरले होते. सॉरी म्हटलं, ते फारच तुटपुंजं वाटलं. आईनं मात्र हात पुसले, लिंडाकडे वळली आणि आपल्या इंग्रजीत म्हणाली, “माय डॉटर, माय मिस्टेक. टुनाइट वी स्लीप हिअर. ओके?” मग मला, “ते मोटेल कॅन्सल कर. आत्ता.”

पैसे परत मिळाले नाहीत. लिंडानं या वेळीही नुसतं “ठीक आहे” म्हटलं, पण जिना चढताना ती पुढे आणि भरभर चालत होती. खोलीत निळी गोधडी अंथरलेली होती. आईनं उलटी करून तिचे टाके तपासले आणि पास केलं.

सकाळी रॉननं बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाचे पॅनकेक केले. आंबवलेलं पीठ, बिडाचा तवा. “हे तर धिरडं,” आई म्हणाली. लिंडानं विचारलं, आणखी? आईनं एक क्षणही दवडला नाही. “येस. टू.”

निघताना पॉपनी बर्फीचा उरलेला डबा मांडीवरून कुणालाही उचलू दिला नाही.

परतीच्या वाटेवर आईच ट्रकवाल्यांना हात करत होती. घाट उतरल्यावर म्हणाली, “मी त्या फॉर्मवर सही करणार नाही.”

“का? आता तर आवडली ना माणसं?”

“माणसं माणसांसारखी आहेत. कोणाच्या घरात म्हातारे असतात, कोणाच्या नसतात. ते बघायला नव्हते आले मी. नागपुरात माझं कोण आहे ते मला ठाऊक आहे. माझ्या घराची दुसरी किल्ली शेजारच्या सुनंदाजवळ आहे. तुझी कोणाजवळ आहे?”

माझी दुसरी किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. मी तसं सांगितलं.

“तू माझी काळजी करून राहिली,” ती म्हणाली, “आणि मला रात्रंदिवस तुझी लागली आहे. मी सहा महिने थांबून काय होईल? तू सहा महिने माझ्याशीच बोलशील.”

मला रडू आलं. गाडी चालवताना रडू नये, विशेषतः सहासष्ट नंबरवर रविवारी दुपारी, लोक फार जवळून कट मारतात.

ठरल्या दिवशी आई नागपूरला परतली. जाऊन पाहण्यासारखं तिथे काय आहे असं कुणी विचारलं तर डोंगर आहेत, शांत रस्ते आहेत, धिरडी आहेत, पण मला ती यादी आता अपुरी वाटते. माझ्याबरोबर परत आली ती एक बारीक ठसठस. मी जुनी उत्तरं काढून वाचली. ‘नक्की’, ‘अगदी नक्की’, ‘या वर्षी तर नक्कीच’. किती लोकांना लिहिलंय मी हे!

नोव्हेंबरमध्ये लिंडाचा मेसेज आला: थँक्सगिव्हिंगच्या सणाला येणार? माझी ऑन-कॉल ड्युटी होती, म्हणजे ऑफिसचा फोन कधीही येणार, आणि तिथे नेटवर्क नाही. बोटं सवयीनं ‘हो हो, बघते, प्रयत्न करते’ टाइप करू लागली. मी ते पुसलं आणि लिहिलं, ‘नाही. ड्युटी आहे, जमणार नाही.’ पाठवल्यावर अपराध्यासारखी फोनकडे बघत बसले. उत्तर आलं: ‘बरं झालं सांगितलंस. मग डिसेंबरचा दुसरा शनिवार?’

रविवारी आईला फोनवर हे सांगितलं. म्हटलं, “आई, मी त्यांना चक्क नाही म्हणाले गं.”

मला वाटलं, ती रागावेल.

“चांगलं झालं,” ती म्हणाली. “हो तर आपण परक्यांना म्हणतो. नाही फक्त घरच्यांना म्हणता येते.”