पोळ्यांच्या डब्यातला आवाज

ताईचा फोन आला तेव्हा मी तळेगावला कारखान्यात होते. "हे गेले गं... गिटार मांडीवरच होती," एवढंच ती बोलली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "डबा बंद केलास का?" ताई म्हणाली, "केला. कोमट होता अजून." आता काही आठवडे उलटलेत, तरी दाजींबद्दल लिहायला बसलं की आधी तो डबाच समोर येतो.

दाजी मूळचे टाकव्याचे. तरुणपणी लोणावळ्याच्या हॉटेलांत गिटार वाजवून त्यांनी तिचा आवाज मोठा करणारा एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेतला होता. हा प्रकार मोठा हट्टी. आवाज पूर्ण सोडला तरच त्याचा भरदार, किंचित खरखरीत सूर लागतो. कमी केला की नुसता पुटपुटतो. टाकव्याला घर शेताच्या कडेला, ऐकायला म्हशी, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण ताईच्या नोकरीपायी कुसगावला फ्लॅट घेतला आणि खालच्या अनसूया मावशींच्या झाडूचा दांडा छताला लागू लागला. सोसायटीत बोलणी झाली. शेवटी दाजींनी अ‍ॅम्प विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. "हळू वाजवन्यापरीस न वाजवल्यालं बरं," म्हणाले आणि गिटार कपाटावर ठेवून दिली. एवढा थट्टेखोर माणूस, पण जेवताना मान वर करेना. मला ते बघवेना.

मी इलेक्ट्रिकलवाली. म्हटलं, "दाजी, अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये एक अटेन्युएटर बसवू. अ‍ॅम्प खुशाल पूर्ण जोरात ओरडू दे. त्याची बरीचशी ताकद मधेच उष्णता होऊन जाईल, स्पीकरपर्यंत थोडीच पोचेल."

"म्हंजी आवाज तापवायचा?"

"हो."

"मंग शेगडीच आन की, इंजिनेरीणबाई!"

गंमत म्हणजे तेच केलं. जुन्या विजेच्या शेगडीची कॉइल मीटर लावून मोजली, हवे तेवढे तुकडे चिनीमातीच्या खुंट्यांवर ताणले आणि आवाज कमी-जास्त करायला एक बटण लावलं. बटण शेवटच्या खुणेवर नेलं की सगळा आवाज थेट स्पीकरला. हे सारं ताईच्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात. तिने कपाळावर हात मारला.

आता आमच्या लोणावळ्याकडची खोड अशी, की ओलीच्या धास्तीने काडेपेटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात जातं. माझी पाठ वळताच दाजींनी झाकण दाबून बसवलं, वर कडेने चिकटपट्टी. दोन गाणी होईतो पट्टी वितळून धूर! मी किंचाळत अ‍ॅम्प बंद केला.

"अहो, उष्णता बाहेर जायला नको का?"

"आन् पावसाची ओल आत आली म्हंजी?" असं म्हणत का होईना, त्यांनी खिळा-हातोडी घेऊन झाकणाची पार चाळण करून टाकली.

शनिवारी परीक्षा. खाली किती ऐकू येतं ते स्वतःच ऐकायचं म्हणून दाजी मावशींच्या हॉलमध्ये जाऊन बसले. वाजवणार कोण? ताईला एक कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं दाबायची एक पकड, घाईघाईने शिकवला होता. तिने तारांवरून हात फिरवला आणि तोच भरदार, खरखरीत सूर उमटला, आपण गप्पा मारतो तेवढ्या आवाजात. जिन्यातून मावशींचं ऐकू आलं, "आजून चालू न्हाई केलं व्हय?" आणि पाठोपाठ दाजी धावत वर. "जिंकलो गं, जिंकलो! जीव हाय तसाच हाय, निस्ता दंगा गेलाय!" गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे नकार कळवला. पहिला पेढा मावशींना. मला इतका अभिमान कारखान्यात कधी वाटला नाही.

पुढे ते रोज वाजवत राहिले. पावसाळ्यात ताई त्या कोमट झाकणावर मिठाची बरणी ठेवायची. "माजी कला सैपाकाला लागली," दाजी ऐटीत सांगायचे.

परवा ताईकडे गेले, तर मिठाला पाणी सुटलेलं. ताई उठली, अ‍ॅम्प लावला आणि तिला येणारा तो एकच कॉर्ड वाजवू लागली... खालून दांडा वाजला. ठक ठक. ताईचा हात जागीच थांबला. मग खिडकीतून मावशींची हाक आली, "आगं, नीट ऐकू येईना! आज तरी मोठ्यानं वाजीव की!"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी बटण शेवटच्या खुणेवर नेलं. तिने सगळ्या तारांवरून हात फिरवला आणि तावदानं थरथरली, समोरच्या गॅलऱ्यांत माणसं आली आणि ऐकत उभी राहिली. ताई रडत होती आणि वाजवत होती. मी सवयीने झाकणावर हात ठेवला. डबा गार होता. आत काहीच अडलेलं नव्हतं.