खलनायिकेची बाजू

पुसदहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या मावशी मोबाइलवर मालिका पाहत होत्या. मी चोरून बघतेय हे कळल्यावर त्यांनी एक इअरफोन माझ्या हातात दिला. मालिकेतली मोठी जाऊ धाकटीची पुस्तकं चुलीत घालते आणि मग एकटीच रडते.

"तिला स्वतःला शिकू दिलं नव्हतं ना," मी हळूच म्हटलं. गोष्टीतल्या अशा दुखावलेल्या वाईट माणसांना मी लगेच माफ करते.

"मलेही तिचीच कीव येते पोरी," मावशी पदरानं स्क्रीन पुसत म्हणाल्या. "पन रडली म्हनून सुटत नाही ते. पुस्तकं तं जळलीच ना."

मग त्यांनी सांगितलं, की स्वतःच्या जावेचं नोकरीच्या मुलाखतीचं पत्र त्यांनी गव्हाच्या कोठीत लपवलं होतं आणि तारीख निघून गेली होती. आज त्या हे सांगायला तिच्याकडेच चालल्या होत्या. "घरात घेते का नाही, मालूम नाही."

"तुमची बाजूही सांगाल ना?"

"इचारलं तं सांगीन. पयले चूक सांगतो."

यवतमाळला उतरून त्यांनी ऑटोवाल्याला पत्ता सांगितला. सात वर्षं त्या जावेच्या घरी गेल्या नव्हत्या, तरी पत्ता गल्लीसकट पाठ होता.