नक्को माल

साल दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. मंगळवार होता, आणि मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला सलीमभाई दुकानात येतोच, म्हणून मी चहा सांगायच्या बेतात होतो. फोन त्याच्या मुलीचा आला. "चाचा, अब्बा गुजर गये. सकाळीच. दुपारी असरच्या नमाजनंतर नेणार." मी "बरं" म्हणालो. बरं काय म्हणायचं त्यात... पण तोंडातून तेच आलं. समोरच्या बाईला पाव किलो शेंगदाणे तोलून दिले, शटर ओढलं आणि वाळूजहून शहराकडं निघालो. त्याला आता दोन महिने होतील. रडू अजून आलं नाय. घरचे म्हणाले, लिहून काढा. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्यात चुकलं तर चुकलं.

सलीमभाई साबण-तेलाच्या एका एजन्सीचा फिरता सेल्समन. वाळूजला कारखाने वाढत होते तेव्हा मी गंगापूरकडची शेती भावाच्या हवाली केली आणि कामगारांच्या खोल्यांजवळ किराणा टाकला, तेव्हापासूनची आमची ओळख. लुनावर यायचा, ऑर्डर लिहायचा, स्टुलावर बसून चहा प्यायचा. पुढं नोकरी संपली, पण त्याचा मंगळवार काही सुटला नाय. नोकरीत होता तेव्हा एकदा एजन्सीनं सगळ्या सेल्समनांना हॉटेलात बसवून दिवसभर शिकवलं. दुसऱ्याच दिवशी हा हजर. माझ्याच काउंटरवर माझीच काडेपेटी, माझी चादर आणि माझी तेलाची बाटली ओळीनं मांडली.

"कारभारी, माल चार किस्म का होता है."

"दोनच किसमचा," मी म्हणालो. "खपणारा आन् पडून राहणारा."

"अरे, सुनो तो सही!"

काडेपेटी, मीठ, बिस्किट म्हणजे 'रोज का' माल. गिऱ्हाईक विचार करत नाय, हाताला लागेल ते घेतं, दिसलं नाय तर शेजारच्या दुकानात जातं. म्हणून तो पुढं ठेवायचा. चादर, कुकर हा 'परख का'. माणूस चार दुकानं फिरतो, उलटंपालटं करून बघतो, त्याला बसायला द्यायचं आणि घाई करायची नाय. तेलाची बाटली 'नाम का'. बाईला त्याच नावाचं तेल पाहिजे, दुसरं फुकट दिलं तरी ती घेणार नाय. ते पार मागच्या फळीवर असलं तरी शोधत येते. "आन् चौथा?" मी विचारलं. त्यानं काउंटरवर काहीच ठेवलं नाय. "वो तुमच्याकडं हैच नही. नक्को माल. दाखवला की लोक नक्को म्हणतात. विमा, मयतीचं सामान. त्याचा कोई सोचताच नही. आणि लागला, तो उसी घडी लागतो."

तो गेल्यावर मी गुपचूप दुकान त्याच्या सांगण्यासारखं लावलं. धंदा वाढला. एक गिऱ्हाईक म्हणालं, काय मांडणी केलीय! मी म्हणालो, "डोकं आपलंच." स्टुलावरून सलीमभाई म्हणाला, "व्हय व्हय, इनकाच डोकं है. मेरे पास तो खाली टोपी है."

चौथ्या मालापाशी मात्र आमचं अडलं. "मयतीचं सामान ठेवो," तो म्हणायचा. "इथं सगळे बाहेरगावचे. खोलीत कुणी गेलं तर कापड, मडकं, सुतळी कुठं शोधणार बिचारे?" मी म्हणायचो, माझं दुकान गूळ-साखरेचं, लेकरं गोळ्या घ्यायला येतात, तो माल इथं चढणार नाय. "मडकं बघून लेकरं मरतात क्या?" "नाय म्हणलं ना!" दर दोन-चार महिन्यांनी त्यानं विचारायचं आणि मी नाय म्हणायचं, असं ठरल्यासारखंच झालं होतं.

मग एका दुपारी कंपनीच्या कपड्यातला एक माणूस आला आणि हळू आवाजात हिंदीतून पांढरं कापड मागू लागला. मी म्हणालो, नाय ठेवत. तो गेला नाय, तिथंच उभा राहिला. मग त्यानं एक बिस्किटपुडा घेतला... दुकानात शिरलोय तर काहीतरी घ्यावं, असं वाटलं असेल त्याला. सलीमभाईनं कप खाली ठेवला. "कौन?" "माँ. गाँव से मिलने आयी थी." सलीमभाईनं त्याला लुनावर बसवलं आणि शहराकडं नेलं. पुडा काउंटरवरच राहिला.

पुढच्या मंगळवारी तो आला, ऑर्डर लिहिली, चहा प्याला. त्या मालाचा विषय त्यानं काढला नाय. त्यानंतर कधीच काढला नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वाट बघत होतो. त्यानं अजून एकदा "ठेवो ना, कारभारी" म्हटलं असतं तर मी ठेवला असता. खरं सांगतो, त्याच्या नजरेसमोरची एक फळीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. तो फळीकडं बघायचा आणि विचारायचा, "साबण किती लिहू?" आपण होऊन ठेवावा तर माझं चुकलं होतं असा त्याचा अर्थ, आणि ते मला जमणारं नव्हतं. लुना जाऊन स्कूटी आली, त्याची नोकरी संपली, गुडघे गेले. फळी तशीच.

त्या दिवशी मोहल्ल्यात पोचलो तेव्हा त्याला न्हाऊ घालून झालं होतं. जावयाला विचारलं, कापड कुठून आणलं? काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "चाचा, मस्जिद के कपाट में रहताच है. पूछना नही पडता." मी डोक्याला रुमाल बांधला, सगळ्यांच्या मागं उभा राहिलो, पाळी आली तेव्हा तीन मुठी माती टाकली. परतीच्या बसमध्ये शिफ्ट सुटलेली माणसं होती. कुणीतरी मला बसायला जागा दिली. हाताची माती घरी येईपर्यंत तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता पहिल्या बसनं परत शहरात गेलो आणि मयतीच्या सामानाच्या दुकानापुढं उभा राहिलो. दुकानदार लगेच उठला, आवाज खाली आणून म्हणाला, "कोण गेलं, काका? पुरुष का बाई?"

"मित्र गेला," मी म्हणालो. "त्याला हे लागत नाय. माझ्या दुकानात फळी रिकामी आहे. पाच पुरुषांचं बांधा, पाच बायांचं."