काय न्हाई आलं

चाकणच्या आमच्या छोट्या दवाखान्यात अपघाताचा पेशंट एकटा कधीच येत नाही. मागोमाग कंपनीतली अर्धी शिफ्ट येते, सेफ्टी शूज घालून, आणि सगळे एकदम बोलतात. बीडकडून नर्सिंग शिकून आलेली मी सुरुवातीला त्या गलक्यात पार भांबावून जायची. कापूस मागितला तर कात्री द्यायची. स्वतःचाच इतका राग यायचा की बाथरूमचा नळ सोडून रडून घ्यायची.

आमच्या मोठ्या सिस्टरांचं मात्र वेगळंच होतं. त्या इथल्याच जुन्या गावातल्या. गोंधळ जेवढा वाढेल तेवढा त्यांचा आवाज खाली यायचा. मी तोंडात बोट घालून बघत राहायची. हे माणूस आहे का काय, असं वाटायचं.

एकदा त्यांनीच मला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, जे आलंय ते समद्यांना दिसतंय. तू बघ, काय न्हाई आलं." लेकरू आलं, त्याची आई का नाही आली? विषारी औषध प्यायलेला माणूस आला, बाटली कुठाय? त्या एवढंच विचारायच्या आणि डॉक्टरांचं निम्मं काम तिथंच व्हायचं. मी मनात म्हटलं, हे ज्याला जमतं त्याला जमतं, आपल्या बापाला नाही जमायचं.

मग एका दुपारी, शिफ्ट बदलायच्या सुमाराला, प्रेस मशीनवरचा एक कामगार आणला. डॉक्टरांनी हाताला बांधलेला फडका सोडला. उजव्या हाताचा अंगठा नव्हता. मोठ्या सिस्टर दोन्ही हातांनी जखम दाबून उभ्या राहिल्या.

"अंगठा मिळाला तर पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात जोडता येईल," डॉक्टर म्हणाले.

"मशीनपाशी बघितला, साहेब. नाही सापडला. चेंदामेंदा झाला असणार." सोबत्यांनी माना खाली घातल्या.

तो कामगार कुणाकडेच न बघता म्हणाला, "अंगठ्याबिगर मी आता काय धरू?"

सगळे त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. मी डाव्या हाताकडे बघितलं. त्यात अजून हातमोजा होता, तेलानं काळा झालेला.

"उजव्या हाताचा हातमोजा कुठाय?" कुणीतरी विचारलं. ते मीच विचारलं होतं, हे मला जरा उशिरा कळलं.

एक जण चाचरत म्हणाला, "मीच ओढून काढला, ताई. फडका बांधायचा होता ना. टाकला तिथंच."

आता त्यांच्या कंपनीतली रीत अशी, की शिफ्ट सुटताना आपली जागा झाडून पुढच्याला द्यायची. तेलकट चिंध्या, हातमोजे, सगळं कचऱ्याच्या पिंपात. आणि शिफ्ट तर आत्ताच सुटत होती.

"कंपनीत फोन लावा. झाडू थांबवा म्हणावं. पिंपातला एकेक हातमोजा चाचपून बघा." मी बोलत होते आणि माझा आवाज खाली खाली जात होता. थोड्या वेळानं फोनवरून कळलं, अंगठा हातमोज्यातच होता. अंगावर सर्रकन काटा आला, तरी तोंड थांबेना. "ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, मग ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ अंगठ्याला लावू नका. आणि इकडं येऊ नका, चौकात ट्रॅफिकमध्ये अडकाल. तुमच्या वळणावर हायवेला थांबा, आमची गाडी पिंपरीला जाता जाता घेईल."

गाडी गेल्यावर मी खुर्चीत बसले. हे सगळं इतके दिवस माझ्या आत कुठं बसलं होतं, देव जाणे. मोठ्या सिस्टर हात धूत होत्या. धुऊन झाल्यावर सरळ पुढच्या पेशंटकडे वळल्या. मला थोडं वाईटही वाटलं.

काही महिन्यांनी तो कामगार एका सोबत्याबरोबर पेढे घेऊन आला. जोडलेला अंगठा जरा फिका, पुरता वाकत नव्हता. त्यानं बॉक्स टेबलावर ठेवला आणि उजव्या हाताच्या चिमटीत पेढा उचलला. तो निसटला. सोबत्यानं मदतीला हात पुढं केला, तर यानं मान हलवली. पुन्हा उचलला, आणि सावकाश माझ्या तळहातावर ठेवला.

मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "सांग बरं, काय न्हाई आलं?"

मी त्याच्याकडे नीट बघितलं.

"डावा हात," मी म्हणाले. "तो मदतीला आलाच नाही, खिशातच राहिला."